शिबिरासाठी शांत जनरेटर निवडताना : वॅट, डेसिबल आणि मतलई वारे



डिसेंबर उजाडला की आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर शिबिरांचे दिवस सुरू होतात. नागाव, आक्षी, रेवदंडा, काशीद, दिवेआगर, कुठे ना कुठे तंबू लागलेले दिसतात. शाळेचं एका रात्रीचं निवासी शिबिर ठरलं की जेवण, तंबू, पाणी आणि मुलींची सोय यांची यादी आपण नीट करतो. विजेचं मात्र "जनरेटर सांगून ठेवलाय" एवढ्यावर भागवतो. आज या एका ओळीबद्दल लिहिते आहे, कारण ती मला एकदा महागात पडता पडता राहिली.

आमच्या शिबिराची गोष्ट

आम्ही पाचवीची मुलं घेऊन अलिबाग तालुक्यातल्या एका किनाऱ्यावर गेलो होतो. एक पेट्रोलवर चालणारा जनरेटर भाड्याने आणला होता. आणून देणारे दादा म्हणाले, "मॅडम, एकदम सायलेंट आहे. तंबूच्या शेजारी ठेवलात तरी पोरांना कळायचं नाही." आवाज खरंच कमी होता. संध्याकाळी समुद्राकडून छान वारा येत होता, म्हणून मी तो तंबूंच्या मागे, वाडीच्या बाजूला, दहा-बारा पावलांवर ठेवून घेतला. धूर सगळा वाडीकडे जात होता. मला वाटलं, किती विचार करून ठेवलाय आपण!

रात्री अकराच्या सुमारास मागच्या तंबूतली एक मुलगी उठून आली. "बाई, डोकं दुखतंय. कसंतरीच होतंय." मला आधी वाटलं, दमली असेल. पण तिच्या तंबूत डोकावले तर पेट्रोलच्या धुराचा वास! वारा फिरला होता. जो धूर वाडीकडे जात होता तो आता थेट तंबूत येत होता. जनरेटर लगेच बंद केला, सगळ्यांना उठवून मोकळ्यावर पाण्याच्या बाजूला नेऊन बसवलं. थोड्या वेळाने तिला बरं वाटलं, सकाळी डॉक्टरांनाही दाखवलं. काही झालं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

खरी टोचणी पुढेच आहे. त्याच आठवड्यात मी वर्गात "खारे वारे आणि मतलई वारे" शिकवलं होतं.

वारा का फिरला?

दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते. जमिनीवरची हवा तापून वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्राकडून हवा येते. हे खारे वारे. रात्री जमीन लवकर निवते, पाणी मात्र उबदार राहतं, म्हणून हवा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागते. हे मतलई वारे. कोळी बांधव पिढ्यानपिढ्या या वाऱ्यांचं गणित बघून होड्या काढत आले. आणि मी डी.एड. झालेली बाई फळ्यावर बाण काढून मोकळी झाले!

आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. म्हणजे संध्याकाळी तंबूंच्या पूर्वेला ठेवलेला जनरेटर मध्यरात्री बरोबर वाऱ्याच्या वरच्या अंगाला येतो. पश्चिमेला ठेवला तर संध्याकाळी त्रास. म्हणून तो किनाऱ्याला समांतर, बाजूला ठेवायचा, तंबूंच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला. हिवाळ्यात आपल्याकडे दुपारचा वारा बहुधा वायव्येचा आणि रात्रीचा ईशान्येच्या अंगाचा असतो, म्हणून दक्षिणेची बाजू जास्त बरी. तरी पुस्तकावर विसंबू नका. काठीला एक रिबीन बांधा आणि रात्री नऊला, अकराला बघा.

शांत म्हणजे निर्धोक नव्हे

इंजिनात इंधन पूर्ण जळलं नाही की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आम्हाला वास आला तो धुरातल्या इतर घटकांचा, आणि ते आमचं नशीब. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गुंगी ही लक्षणं. झोपलेल्या माणसाला ती कळतच नाहीत, हाच मोठा धोका.

आता गंमत बघा. खडखडणारा जनरेटर कोणी तंबूजवळ ठेवून घेतच नाही. आवाजच आपल्याला तो लांब न्यायला लावतो. शांत जनरेटर मात्र आपण विश्वासाने जवळ आणतो. आवाज कमी झाला म्हणून धूर कमी होत नाही. ही एक गोष्ट लक्षात राहिली तरी माझं लिहिणं कारणी लागलं.

आधी बेरीज, मग जनरेटर

दुकानात किंवा डेकोरेटरकडे गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती केव्हीएचा पाहिजे?" उत्तर आपल्याकडे हवं. आमच्या पुढच्या शिबिराची यादी मुलांनीच केली :

- एलईडी बल्ब १२ × ९ वॅट = १०८
- प्रोजेक्टर = २५०
- लॅपटॉप = ६५
- स्पीकर = ६०
- मोबाइल चार्जर ८ × १५ वॅट = १२०
- एकूण = ६०३ वॅट

जनरेटर सतत पूर्ण ताकदीवर चालवू नये, साधारण तीन चतुर्थांश भारावर ठेवावा. ६०३ भागिले ०.७५ म्हणजे सुमारे ८०४ वॅट. आता केव्हीए. साधारणपणे केव्हीएला ०.८ने गुणलं की किलोवॅट मिळतात, म्हणजे १ केव्हीएचे ८०० वॅट. आमचं काम १ केव्हीएवर अगदी काठावर भागत होतं, म्हणून थोडी सवड ठेवून २ केव्हीएचा घ्यायचा ठरला. जनरेटरवर दोन आकडे लिहिलेले असतात, कमाल आणि सतत चालण्याचा. हिशेब नेहमी सतत चालण्याच्या आकड्यावर करा.

गणित बिघडवणाऱ्या दोन वस्तू आहेत. एक, पाणी तापवण्याची किटली किंवा हीटर. एकटी किटलीच १५०० वॅटपर्यंत खाते. चहा गॅसवरच करा. दुसरी, पाण्याचा पंप. अर्ध्या अश्वशक्तीचा पंप चालताना फार घेत नाही, पण सुरू होताना त्याला चालण्याच्या काही पट जास्त वीज क्षणभर लागते. पंप लावायचाच असेल तर आधी एकदा चालवून बघा, आणि त्या वेळी बाकीचं बंद ठेवा.

"असू दे मोठाच" असंही करू नका. मोठा जनरेटर जड, त्याचा आवाज जास्त आणि थोड्याशा बल्बांसाठी पेट्रोल उगाच जळतं.

इन्व्हर्टर जनरेटर शांत का असतो?

आपल्या घरात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असते. ती राखण्यासाठी साध्या लहान जनरेटरचं इंजिन मिनिटाला सुमारे ३००० फेरे घेत राहतं, मग एक बल्ब लावा नाहीतर पन्नास. इन्व्हर्टर जनरेटरमध्ये आधी तयार झालेली वीज एकदिश करतात आणि मग इलेक्ट्रॉनिक सर्किट तिची पुन्हा ५० हर्ट्झची वीज बनवतं. त्यामुळे इंजिनाला ठरावीक वेगाने पळायची सक्ती राहत नाही. भार कमी तर वेग कमी, वेग कमी तर आवाज आणि पेट्रोलही कमी. शिवाय ही वीज जास्त स्थिर असते, लॅपटॉप-प्रोजेक्टरला मानवते. २ केव्हीएच्या आसपासचा इन्व्हर्टर जनरेटर वीस-बावीस किलोचा असतो, एक माणूस उचलू शकतो. तो साध्यापेक्षा बराच महाग आहे, म्हणून एका रात्रीसाठी भाड्यानेच घेणं परवडतं. त्याच्या नावात "इन्व्हर्टर" असला तरी तो घरातला बॅटरीचा इन्व्हर्टर नव्हे, पेट्रोलवरच चालतो. आणि नुसतं "सायलेंट" लिहिलेलं असलं म्हणजे तो इन्व्हर्टर जनरेटर असतोच असं नाही. विचारून घ्या.

डेसिबलचा आकडा कसा वाचायचा?

"५८ डेसिबल" असं लिहिलेलं असेल तर दोन प्रश्न विचारा. किती अंतरावर? आणि किती भारावर? बहुतेक कंपन्या ७ मीटरवरचा आकडा देतात, आणि तोही पाव भारावरचा. पूर्ण भारावर आवाज वाढतोच.

डेसिबलची मोजपट्टी आपल्या फुटपट्टीसारखी नसते. १० डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की साधारण ६ डेसिबल कमी होतात :

- ७ मीटरवर ५८
- १४ मीटरवर ५२
- २८ मीटरवर ४६
- ५६ मीटरवर ४०

७ मीटरवर ७० डेसिबलचा साधा जनरेटर असेल तर ५६ मीटरवरही ५२ राहतात. आपल्या देशातल्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार (२०००) निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ही मर्यादा ४५ डेसिबल आहे. म्हणजे शांत जनरेटर तीस मीटरवर ठेवला की आपण जवळपास तिथे पोचतो. धुराच्या दृष्टीनेही हे अंतर चांगलं. एकाच उपायाने दोन्ही कामं होतात.

लांब जाणं हा उपाय अलिबागकरांना नवा नाही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे चुंबकीय मोजमापं बिघडणार, म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय काम १९०४ साली अलिबागला आणलं. आपल्या मुलांना ती इमारत दाखवताना हे कारणही जरूर सांगा.

अंतर वाढलं की वायर लांब लागते. साधा बारीक एक्स्टेन्शन बोर्ड चालणार नाही. २.५ चौरस मिलीमीटरची, चांगल्या आवरणाची, सलग वायर घ्या. मधला जोड वाळूवर पडलेला नको, ओल येते. आरसीसीबी असलेला बोर्ड लावून घ्या, शॉक लागला तर तो वीज तोडतो.

सगळ्यात शांत जनरेटर : बंद केलेला

प्रोजेक्टर, स्पीकर, मोबाइल हे सगळं रात्री साडेनऊपर्यंत संपतं. त्यानंतर काय लागतं? स्वच्छतागृहाचा, वाटेचा आणि स्वयंपाकाच्या जागेचा उजेड. ४ बल्ब × ९ वॅट × ८ तास = २८८ वॅट-तास. घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाची बॅटरी १८०० वॅट-तासांची असते. तिचा निम्माच वापर धरला तरी ९०० मिळतात, म्हणजे आपल्या गरजेच्या तिप्पट. मग जनरेटर रात्रभर चालवायचा कशाला? आता आम्ही एका पालकांकडचा इन्व्हर्टर-बॅटरी नेतो. बॅटरी जड असते, दोघांनी उचलावी, आडवी करू नये, आणि मुलांच्या हाताशी ठेवू नये. जनरेटर संध्याकाळी सहा ते साडेनऊ. बस्स.

उजेडही बेताचाच ठेवा. दिवेआगर, हरिहरेश्वर, श्रीवर्धन भागात हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं उजेडाच्या दिशेने समुद्र शोधतात. आपला हॅलोजन त्यांना उलट्या दिशेला नेऊ शकतो. दिवे खाली तोंड करून, समुद्राकडे पाठ करून लावा.

पालकांसाठी, घरच्या वापराचं

३ जून २०२०चं निसर्ग चक्रीवादळ आपण विसरलेलो नाही. कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती, आणि मोबाइल चार्ज करायला जनरेटरभोवती रांगा लागल्या होत्या. पुन्हा तशी वेळ आली तर तीन गोष्टी पाळा. जनरेटर घरात, पडवीत, खिडकीखाली ठेवू नका. पावसात उघडा चालवू नका. आणि तो घरातल्या सॉकेटमध्ये जोडू नका. ती वीज उलटी खांबावर जाते आणि तारा दुरुस्त करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतते.

निघण्याआधीची यादी

१) वॅटची बेरीज कागदावर.
२) आवाजाचा आकडा, अंतर आणि भार विचारलेला.
३) जागा तंबूंपासून तीस मीटर, बाजूला. सायलेन्सरचं तोंड तंबूंच्या उलट दिशेला.
४) खाली फळी. वाळू आत गेली की एअर फिल्टर बंद पडतो.
५) पेट्रोल धातूच्या डब्यात, चुलीपासून लांब. इंजिन बंद करून, थंड झाल्यावरच भरायचं.
६) भोवती दोरी, आणि एक मोठा माणूस जबाबदार.
७) रात्री दहाच्या आत बंद.

ही यादी पाचवी ते आठवीच्या मुलांकडूनच करून घ्या. बेरीज, गुणाकार, भूगोल आणि विज्ञान एका पानावर येतं. गेल्या वर्षीच्या शिबिरात रिबिनीची काठी एका मुलाकडे दिली होती. पावणेदहाला तो धावत आला, "बाई, वारा फिरला! मतलई आला!" जनरेटर तेव्हा बंद झाला होता. तंबूत नुसता लाटांचा आवाज येत होता.