एनई-२००० चा ड्रायव्हर नेमकं काय करायचा?

१९८० च्या दशकात राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने ‘निकनेट’ हे उपग्रहावर चालणारं जाळं उभारलं आणि वर्ध्यासारखी जिल्ह्याची ठिकाणं दिल्लीशी जोडली. दूरचं काम उपग्रहाचं. पण एकाच इमारतीतले संगणक एकमेकांशी जोडायचे तर प्रत्येकात नेटवर्क कार्ड लागतं. त्या काळी नोव्हेल कंपनीचं एनई-२००० आणि त्याच्या स्वस्त नकला जगभर खपल्या. कार्ड खोचून भागत नसे. त्याच्याकडून काम करून घेणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, लागे.

ड्रायव्हरचं पहिलं काम ओळख पटवण्याचं. कार्डाचे पोर्ट सहसा क्रमांक ३०० (षोडशमान) पासून पुढे असत. तिथल्या एका ठरावीक पोर्टमधून वाचलं की कार्ड रिसेट होई. मग त्याच्यावरच्या चिपमधून सहा बाइटचा हार्डवेअर पत्ता वाचायचा. गंमत म्हणजे १६ बिट पद्धतीत तिथला प्रत्येक बाइट दोनदा येतो, त्यामुळे एकाआड एक सोडून द्यावा लागतो.

इंटरप्टचा, म्हणजे कार्डाने प्रोसेसरला द्यायच्या इशाऱ्याचा, क्रमांक मूळचा ३. संगणकाचं दुसरं सीरियल पोर्टही तोच वापरतं. त्या पोर्टवर मोडेम असला की दोघांची टक्कर ठरलेलीच. नेहमीचा उपाय: संगणक उघडून कार्डावरचा जंपर हलवायचा.

आता खरं काम. कार्डावर १६ किलोबाइट मेमरी असते, २५६ बाइटच्या ६४ पानांत वाटलेली. साधारणपणे पहिली ६ पानं पाठवण्यासाठी आणि उरलेली ५८ येणाऱ्या माहितीसाठी राखली जात. ही ५८ पानं गोलाकार वापरली जातात: शेवटचं भरलं की पुन्हा पहिलं. कार्डाचं कुठवर लिहून झालंय ते एक रजिस्टर सांगतं, ड्रायव्हरने कुठवर वाचलंय ते दुसरं. माहितीची चौकट आली की कार्ड इंटरप्ट देतं. प्रत्येक चौकटीआधी चार बाइट असतात: स्थिती, पुढच्या चौकटीचं पान आणि लांबी. ड्रायव्हर ते वाचतो, चौकट मुख्य मेमरीत नेतो आणि आपलं रजिस्टर पुढे सरकवतो.

हिंगणघाटच्या बाजारात हंगामात कापसाच्या गाड्या येतच राहतात. आतल्या रिकाम्या झाल्या नाहीत तर फाटकाबाहेर रांग लागते. कार्डाबाहेर मात्र अशा रांगेची सोय नाही. पूर्ण आकाराच्या नऊ चौकटींत जागा संपते. दहा मेगाबिटच्या तारेवर त्याला सुमारे ११ मिलिसेकंद पुरतात. तेवढ्यात ड्रायव्हर आला नाही, तर पुढच्या चौकटी गळतात. मग चिप थांबवायची, किमान १.६ मिलिसेकंद वाट पाहायची, साठा उपसायचा आणि चिप पुन्हा चालू करायची.

पाठवणं त्या मानाने सोपं. चौकट कार्डाच्या मेमरीत टाकायची, लांबी सांगायची, हुकूम सोडायचा. तार मोकळी आहे का ते कार्ड पाहतं. दोन संगणकांच्या चौकटी एकमेकींवर आदळल्या तर पुन्हा प्रयत्नही तेच करतं. १६ प्रयत्न फसले की मात्र ते हात टेकतं.

आजची कार्डं कितीतरी पट वेगवान आहेत, पण गोलाकार साठा आणि दोन खुणा ही मांडणी तशीच आहे. साठा तेवढा मुख्य मेमरीत आलाय. क्युइमू हा मोफत प्रोग्रॅम एनई-२००० ची हुबेहूब नक्कल करतो. सेवाग्रामच्या अभियांत्रिकीच्या मुलांना ड्रायव्हर लिहून पाहायचा असेल, तर जुनं कार्ड शोधत बसायची गरज नाही.