आजीचं वय

माझ्या आजीला जन्मतारीख नव्हती. सातारा जिल्ह्यात, पाटणच्या डोंगरात तिचं उभं आयुष्य गेलं. तिथं वय प्रसंगांवरून मोजत. तिचं लग्न पत्री सरकारच्या काळातलं, म्हणजे 1943 ते 1946 मधलं. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या त्या चळवळीनं गावोगाव हुंड्याशिवाय, बडेजावाशिवाय गांधी विवाह लावले. “हार घातलं, झालं लगीन,” असं ती मोठ्या अभिमानानं सांगायची. तेव्हा ती तेरा-चौदाची असावी.

धाकट्या काकांचं वय तिनं भूकंपाला बांधलं होतं. 11 डिसेंबर 1967च्या पहाटे कोयनेची जमीन हादरली, तेव्हा ते पाळण्यात होते. त्यांना उचलून ती अंगणात धावली आणि पाठोपाठ मागची भिंत कोसळली. पुढं कितीतरी दिवस ती उंबऱ्याशीच झोपायची.

1972चा दुष्काळ तर तिच्या हातांवर दिसायचा. दुष्काळी कामावर खडी फोडून बोटांची पेरं जाड झाली होती. तिथं खायला मिळालेली सुकडी ती पदरात बांधून पोरांसाठी आणायची. मिलोची, म्हणजे आयात केलेल्या ज्वारीची, लाल भाकरी तिला कधीच रुचली नाही. पण ताटात टाकलेला तुकडा तिला शेवटपर्यंत खपला नाही.

नव्वदी ओलांडून ती गेली.

अशा हरवलेल्या जन्मतारखा कागदावरही शोधता येतात. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा 1969चा. त्याआधीच्या गावच्या नोंदी कोतवाल बुकात, पुष्कळदा मोडी लिपीत असतात. त्या तहसील कार्यालयात मागता येतात. पण घरात म्हातारं माणूस असेल, तर आधी त्याच्याजवळ बसा, विचारा आणि लिहून घ्या.