शिकागो–सेंट लूइस लोहमार्ग
अमेरिकेतील ही दोन शहरे जोडणारा सु. ४५७ किमी. लांबीचा मार्ग. ह्याचा बराचसा भाग एकेरी व मालवाहतूक कंपनीच्या मालकीचा असून ॲमट्रॅकच्या उतारूगाड्याही त्यावरूनच धावतात. त्यामुळे एका गाडीला झालेला उशीर इतर गाड्यांनाही भोवतो. २०१० पासूनच्या सुधारणेत अखंड जोडलेले रूळ, काँक्रीटचे सिलीपाट व नवी खडी घालण्यात आली. बगलमार्ग वाढविले, फाटके व सिग्नलयंत्रणा सुधारली. कमाल वेग पूर्वी ताशी १२७ किमी. होता, २०२३ मध्ये तो काही भागांत १७७ किमी. झाला. तथापि वक्तशीरपणा केवळ वेगावर अवलंबून नसतो. मार्ग भक्कम असल्यास वेग उतरविण्याचे प्रसंग घटतात. परंतु समोरून येणाऱ्या गाडीसाठी होणारा खोळंबा पुरेशा बगलमार्गांमुळेच कमी होतो.