हौद्याच्या फळ्या बदलताना

हौदा: चासीवर बांधलेला, माल भरायचा भाग. मागे उघडतो तो फाळका. खाली आडव्या तुळया, त्यांवर लांबीत टाकलेल्या फळ्या.

कोणत्या गाड्या: मॅटाडोर (1969 पासून), टाटा 407 (1986 पासून). चासी कंपनीची, हौदा बहुधा स्थानिक सुतार-लोहाराने बांधलेला.

लाकूड: सागवान सर्वांत टिकाऊ. मेळघाटच्या पायथ्याचे परतवाडा ही त्याची जुनी बाजारपेठ. टिकतो तो आतला तपकिरी गाभा. कडेच्या फिकट भागाला वाळवी लागते, म्हणून तो भाग फळीत नको. पर्याय मरीन प्लायवूडचा (आयएस 710); कापलेल्या कडा मात्र रंगाने बंद कराव्या लागतात.

कुजते कुठे: वरून दिसते तिथे क्वचितच. फळी तुळईवर टेकते तिथे आणि बोल्टच्या भोकाभोवती पाणी मुरते. लाकडातला ओलावा साधारण 20 टक्क्यांवर राहिला की बुरशी धरते. परीक्षा सोपी: गाडीखाली जाऊन स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबा. ते सहज रुतले, तर फळी गेली. तुळईही तपासा.

बसवणी: लाकूड वाळलेलेच हवे, ओल्या फळ्या नंतर आकसतात, फटी पडतात आणि सोयाबीन सांडते. बोल्टचा माथा फळीत बुडवलेला असावा, नाहीतर पोती फाटतात. चासीच्या पट्टीला नवी भोके नकोत. हौदा यू-बोल्टने आवळतात.

कागदपत्रे: हौद्याची नोंदलेली मापे बदलणार असतील, तर आरटीओची पूर्वमंजुरी लागते (मोटार वाहन कायदा 1988, कलम 52). एमएच 27 गाड्यांसाठी अमरावती, एमएच 30 साठी अकोला कार्यालय.