मूळव्याधीचें बंधन आणि नव्या उपकरणांची कसोटी

कांहीं दुखणीं अशीं असतात कीं, तीं चारचौघांत सांगावयास मनुष्यास संकोच वाटत नाहीं. रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी हे तर घरोघर चहाबरोबर निघणारे विषय होत. परंतु मूळव्याधीचें नांव निघालें कीं बोलणें खुंटतें. भरल्या घरांत दहा माणसें वावरत असतां ज्याला हें दुखणें जडलें आहे तो मात्र एकटा असतो. बापाला मुलापाशीं सांगवत नाहीं आणि सुनेला सासूपाशीं बोलवत नाहीं.

आमच्या थोरल्या काकांनीं हें दुखणें दोन वर्षें लपविलें. पंक्तींतून ते लवकर उठत, प्रवास टाळीत, बैठकींत उभ्याउभ्याच बोलत. वयोमानानें स्वभाव तिरसट झाला असावा, अशी आम्हीं आमची समजूत करून घेतली होती. अखेरीस कपड्यांवरील रक्ताचे डाग काकूंच्या दृष्टीस पडले व प्रकरण उघडकीस आलें. शल्यचिकित्सकांनीं प्रथम दुर्बिणीनें मोठें आतडें तपासलें, कर्करोग नाहीं याची खात्री करून घेतली, आणि मग दोन मोडांवर दोन रबरी वलयें बसविलीं. हें सारें थोडक्या मिनिटांचें काम. काका त्याच दिवशीं स्वतःच्या पायांनीं घरीं आले.

पुढें आठ महिन्यांनीं पुन्हां थोडें रक्त दिसलें व आणखी एक वलय बसवावें लागलें. तेव्हां काकांनीं मला विचारलें, "म्हणजे पहिला उपचार फसलाच म्हणावयाचा ना? त्या चौकांतल्या पाटीवर नव्या यंत्राची जाहिरात आहे, तिकडेच गेलों असतों तर बरें झालें नसतें का?" प्रश्न साधा होता, पण त्याचें उत्तर शोधूं लागल्यावर असें दिसून आलें कीं, नेमका हाच प्रश्न मोठमोठ्या वैद्यकीय प्रयोगांतही निर्णायक ठरला आहे. आजचा लेख त्याच उत्तरासाठीं आहे.

दुखण्याचें मूळ

मूळव्याध म्हणजे शरीरांत उगवलेला एखादा परका कोंब, ही समजूत बरोबर नाहीं. गुदमार्गाच्या आंतील बाजूस रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या प्रत्येक निरोगी माणसास जन्मतःच असतात, व मलमार्ग घट्ट मिटण्यास त्यांचें साह्य होतें. ही गोष्ट थॉमसन या इंग्रज शल्यवैद्यानें १९७५ सालीं स्पष्ट करून दाखविली. मलावरोध, कुंथणें, गर्भारपण, वाढतें वय यांमुळें या गाद्यांचे आधार सैल होतात, त्या फुगतात व खालीं घसरतात. नुसतें रक्त पडतें ती पहिली अवस्था. मोड बाहेर येऊन आपोआप आंत जातो ती दुसरी. बोटानें आंत सारावा लागतो ती तिसरी. आणि आंत जातच नाहीं ती चौथी.

येथें निसर्गानें एक सोय करून ठेविली आहे. गुदमार्गांत एक दातेरी रेषा असते. तिच्या खालील त्वचा अतिशय हळवी असते, परंतु वरील अस्तरास टोचल्या-कापल्याची तीव्र वेदना कळत नाहीं. म्हणून रेषेच्या वर पुरेसें अंतर राखून मोडाच्या बुडाशीं घट्ट वलय बसविलें, तर भूल न देतांही तें सोसतें. वलयानें रक्तपुरवठा तुटतो, कांहीं दिवसांत मोड सुकून वलयासह गळून पडतो, आणि त्या जागीं जो वण धरतो तो सैल अस्तरास पुन्हां भिंतीशीं बांधून ठेवतो. बंधनचिकित्सेचें सारें तत्त्व इतकेंच आहे. वलय थोडें खालीं बसलें तर रोगी कळवळतो. उपकरणाचा आणि हाताचा कस लागतो तो येथेंच.

धाग्यापासून वलयापर्यंत

आपल्याकडे सुश्रुतसंहितेंत अर्शावर औषध, क्षार, अग्नि आणि शस्त्र असे चार उपाय सांगितले आहेत. त्यासाठीं गाईच्या सडाच्या आकाराचें, चार अंगुळें लांबीचें अर्शोयंत्रही वर्णिलें आहे. त्याचा घेर पुरुषांसाठीं पांच अंगुळें व स्त्रियांसाठीं सहा अंगुळें असावा, एक छिद्र पाहण्यासाठीं व दुसरें उपचारासाठीं असावें, इतकी बारीक मापें तेथें दिलीं आहेत. शिवाय शिष्यानें रोग्यावर शस्त्र चालविण्यापूर्वीं भोपळा, काकडी यांसारख्या फळांवर छेदनाचा सराव करावा, अशीही आज्ञा आहे. उपकरणाची व हाताची परीक्षा रोग्याच्या अंगावर होऊं नये, हा विचार आपल्याकडे किती जुना आहे हें यावरून ध्यानांत येईल.

ग्रीकांच्या वैद्यकांतही मोडास लोकरीच्या जाड धाग्यानें बांधण्याची रीत होती. लंडनमध्यें फ्रेडरिक सामन यानें १८३५ सालीं गुदरोगांसाठीं एक लहानसें रुग्णालय काढलें, तेंच पुढें सेंट मार्क्स या नांवानें जगप्रसिद्ध झालें. तेथील मिलिगन व मॉर्गन यांनीं १९३७ सालीं प्रसिद्ध केलेली, मोड कापून काढण्याची शस्त्रक्रिया आजही मोठ्या व हट्टी मोडांसाठीं मान्य आहे. ती परिणामकारक खरी, पण तिची वेदना ज्यानें भोगली त्यालाच ठाऊक! म्हणून सोप्या मार्गाचा शोध चालूच राहिला. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील ब्लेझडेल यानें रुग्णालयांत न ठेवतां मोड बांधण्याचें एक हत्यार बनविलें, आणि १९६३ सालीं डेट्रॉइटच्या बॅरन यानें त्यांत सुधारणा करून रबरी वलयांची पद्धत रूढ केली.

त्यानंतर उपकरणांची वंशावळ वाढत गेली. बॅरनच्या हत्यारांत मोड चिमट्यानें ओढून धरावा लागे, व त्यासाठीं दोन माणसांचे हात गुंतत. पुढें शोषणानें मोड आंत ओढून घेणारीं उपकरणें आलीं. १९९९ सालीं ओरेगन यानें एका हातानें चालविण्याजोगें व एकदां वापरून टाकून देण्याचें उपकरण प्रसिद्ध केलें. बंधनाच्या याच कल्पनेवरून स्टीगमन यानें १९८६ च्या सुमारास अन्ननलिकेंतील फुगलेल्या शिरा दुर्बिणींतून बांधण्याची युक्ति काढली. आणि तीच दुर्बीण आतां मूळव्याधीच्या बंधनासाठींही वापरली जाते. लेक सासरीं जाऊन संपन्न होऊन माहेरीं परत यावी, तसा हा प्रकार! १९९५ सालीं जपानच्या मोरिनागा यानें आणखी एक पाऊल टाकलें. ध्वनिलहरींच्या साह्यानें मोडास रक्त पुरविणारी धमनी हुडकावयाची व तिलाच टांका घालून बांधावयाचें, असें तें यंत्र आहे.

कसोटी कशी लागते?

नवें उपकरण पुढें आलें कीं त्याची पहिली परीक्षा कर्मशाळेंत होते. वलय किती ताणलें असतां तुटतें, ताणून ठेवल्यावर सैल पडतें का, शोषण वेळेवर सुटतें का, निर्जंतुक करतांना रबर खराब होतें का, हें सारें तेथें पाहतात. दुसरी परीक्षा कृत्रिम नमुन्यांवर. ही सुश्रुताच्या भोपळ्याचीच आधुनिक आवृत्ति म्हणावयाची. तिसरी थोड्या रोग्यांवर, केवळ निर्धोकपणा पाहण्यासाठीं. परंतु या तिन्ही परीक्षा उतरल्या तरी नवें उपकरण जुन्याहून चांगलें आहे असें ठरत नाहीं. त्यासाठीं चौथी परीक्षा हवी : रोग्यांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें दैवयोगानें पाडावयाचे, एकास जुना उपचार व दुसऱ्यास नवा द्यावयाचा, आणि निदान वर्षभर दोघांची सारखीच विचारपूस करावयाची. वैद्यानेंच रोगी निवडून दिले, तर सौम्य रोगी नव्या यंत्राच्या वांट्यास जाऊन त्याची फुकट वाहवा होण्याचा संभव असतो.

अशा परीक्षेंत कधीं नवें उपकरण खरोखर उजवें ठरतें. मलेशियांत २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेंत चिमट्यापेक्षां शोषणाच्या उपकरणानें वेदना कमी झाल्याचें आढळलें. उलट १९९८ पासून गाजलेल्या स्टेपल यंत्राची ब्रिटनमध्यें ७७७ रोग्यांवर पुरानी शस्त्रक्रिया समोर ठेवून परीक्षा झाली, आणि २०१६ सालीं निकाल लागला तो असा कीं, सुरुवातीची वेदना कमी असली तरी दोन वर्षांचा हिशेब पाहतां जुनी शस्त्रक्रियाच सरस व स्वस्त!

मात्र सर्वांत बोधप्रद प्रयोग म्हणजे त्याच वर्षीं 'लॅन्सेट' साप्ताहिकांत आलेला 'हबल' प्रयोग होय. दुसऱ्या व तिसऱ्या अवस्थेंतील ३७२ रोगी घेऊन रबरी वलय आणि धमनी हुडकून बांधणारें यंत्र यांचा सामना लावण्यांत आला. वर्षाअखेर वलयाच्या गटांत ४९ टक्के रोग्यांस त्रास पुन्हां उद्भवल्याची नोंद झाली, व यंत्राच्या गटांत ३० टक्क्यांस. येथेंच वाचणें थांबविलें तर नव्या यंत्राचा जयजयकार करावयास हरकत नाहीं. जाहिरातीची पाटी येथेंच थांबते!

परंतु त्या हिशेबांत एक खोंच होती. ज्याला वर्षभरांत पुन्हां वलय बसवावें लागलें, त्याचाही उपचार फसला असें धरण्यांत आलें होतें. वास्तविक वलयाचा उपचार अनेकदां हप्त्याहप्त्यानेंच करावयाचा असतो. पुन्हां एकदां वलय बसविण्याची मुभा धरून हिशेब मांडला, तेव्हां ४९ चा आंकडा सुमारें ३७ वर आला, आणि दोन गटांतील फरक असा राहिला कीं, तो केवळ योगायोगाचाही असूं शकेल. उलट यंत्राच्या रोग्यांस भूल व शस्त्रक्रियागृह लागलें, पहिल्या आठवड्यांत वेदना अधिक झाल्या आणि खर्चही पुष्कळ आला.

काकांच्या प्रश्नाचें उत्तर तें हेंच. दुसरें वलय म्हणजे पहिल्याचा पराभव नव्हे. दांताच्या वैद्याकडे दुसऱ्यांदा जावें, तसा तो उपचाराचाच पुढील हप्ता होता. दर खेपेस थोडका त्रास सोसून दोनदां जाणें पत्करावयाचें, कीं एकदांच अधिक त्रास व अधिक खर्च सोसून मोकळें व्हावयाचें, हें ज्यानें त्यानें आपल्या प्रकृतीप्रमाणें वैद्याच्या सल्ल्यानें ठरवावें. उपकरणाची कसोटी म्हणजे केवळ आंकडा नव्हे. आंकडा कोणत्या प्रश्नाचें उत्तर आहे, हें प्रथम पाहावयास हवें.

घरच्यांनीं ध्यानांत ठेवावें असें कांहीं

सोपा उपचार म्हणजे निर्धोक उपचार नव्हे. वलय गळून पडतांना, साधारणतः पांचव्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्याच्या अखेरपर्यंत, रक्तस्राव होऊं शकतो. म्हणून रक्त पातळ करणारीं औषधें चालू असल्यास वैद्यास आधींच सांगावें. कोणास रबराची बाधा होत असेल तर तेंही सांगावें. अशांसाठीं निराळीं वलयें मिळतात. १९८० नंतर अमेरिकेंतून बंधनानंतर झालेल्या प्राणघातक जंतुसंसर्गाच्या कांहीं वार्ता आल्या. असे प्रसंग फार विरळा. तथापि वाढती वेदना, ताप आणि लघवी अडणें हीं तीन लक्षणें दिसल्यास एक रात्रही न दवडतां रुग्णालय गांठावें.

उपकरणांवर आपल्याकडे आतां कायद्याची नजर आहे. २०१७ चे वैद्यकीय उपकरणांचे नियम १ जानेवारी २०१८ पासून अमलांत आले, आणि १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणें औषधांच्या कायद्याखालीं आलीं. परंतु परवाना मिळणें ही एक गोष्ट, आणि जुन्याहून सरस ठरणें ही दुसरी. म्हणून नव्या यंत्राचा आग्रह झाल्यास नम्रपणें विचारावें : याची तुलना साध्या वलयाशीं झाली आहे काय? किती रोग्यांवर? किती काळ? माझ्या अवस्थेस तें लागू पडतें काय?

आणि या सर्वांच्या आधींचा नियम असा कीं, शौचावाटे पडणारें रक्त मूळव्याधीचेंच आहे असें कोणीही घरबसल्या ठरवूं नये. मोठ्या आंतड्याचा कर्करोगही त्याच वाटेनें सूचना देतो. शिवाय भाजीपाला, सालीसकट धान्य, भरपूर पाणी व कुंथण्याची संवय सोडणें, हा पथ्याचा भाग संभाळला नाहीं, तर उत्तमांतलें उत्तम उपकरणही फार दिवस साथ देणार नाहीं.

काकांनीं पहिल्या खेपेस दोन वर्षें दवडलीं होतीं. दुसऱ्या खेपेस रक्त दिसलें त्याच्या दुसऱ्याच दिवशीं त्यांनीं जेवतांना, सर्वांसमक्ष, धाकट्या सुनेस वैद्यांची वेळ ठरवावयास सांगितलें. क्षणभर पंक्ति स्तब्ध झाली, आणि तिनें ताक वाढतां वाढतां विचारलें, "सकाळची घेऊं कीं संध्याकाळची?"