घरी येणारी मावशी आणि मधला ब्युरो

मागचे काही भाग आपण पेन्शन, नॉमिनेशन, मृत्युपत्र अशा कागदांवर घालवले. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारणा आली ती एकाच गोष्टीची. "आईला बघायला घरी बाई ठेवायची आहे, ब्युरो बरा की वाईट हे ओळखायचं कसं?" विचारणारे इंदूरचे, बडोद्याचे, हैदराबादचे, बेळगावचे. मुलगा एका राज्यात, आईवडील दुसऱ्या राज्यात, आणि मधे ब्युरोचा एक फोन नंबर. म्हणून आज तेच बोलू.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. हॉस्पिटल काढायचं तर नोंदणी लागते. महाराष्ट्रात त्यासाठी १९४९ चा नर्सिंग होम कायदा आहे, इतर राज्यांत कुठे केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आहे, कुठे राज्याचा स्वतःचा. पण या कायद्यांचा सगळा रोख जागेवर असतो, म्हणजे खाटा किती, डॉक्टर कोण, सोयी काय. ब्युरोकडे खाट नसतेच, खाट तुमच्या घरात असते. त्यामुळे हा धंदा बराचसा फटीत राहिलेला आहे. २०१९ साली सरकारने ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक लोकसभेत मांडलं होतं. घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि किमान मानकं त्यात होती. ते मंजूर झालं नाही, आणि २०२४ मध्ये ती लोकसभा संपली तसं विधेयकही संपलं. क्वालिटी अँड अ‍ॅक्रेडिटेशन इन्स्टिट्यूटसारखी संस्था घरगुती आरोग्यसेवेसाठी मानांकन देते, पण ते ऐच्छिक आहे. ब्युरोच्या भिंतीवर शॉप अ‍ॅक्टचा परवाना लावलेला दिसला तर तो दुकानाचा आहे, शुश्रूषेचा नाही. थोडक्यात, तपासणी अधिकारी तुम्हीच.

आता माणूस कोण येतो ते बघू. फोनवर ब्युरो सरसकट "सिस्टर पाठवतो" म्हणतो. सिस्टर म्हणजे एएनएम, जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेली, आणि राज्याच्या नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंद असलेली व्यक्ती. तिच्याकडे नोंदणी क्रमांक असतो. तो मागा, आणि त्या राज्याच्या कौन्सिलकडे पडताळून घ्या. दुसरा प्रकार म्हणजे जनरल ड्यूटी असिस्टंट किंवा होम हेल्थ एड, हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचा अभ्यासक्रम केलेली माणसं. अंघोळ, भरवणं, कूस बदलणं, चालवणं ही त्यांची कामं. आणि तिसरा प्रकार सर्वांत जास्त भेटतो, तो म्हणजे कोणताच कोर्स न केलेली, अनुभवावर शिकलेली मावशी. माझं मत विचाराल तर अशा कित्येक मावश्या सर्टिफिकेटवाल्यांपेक्षा चांगल्या असतात. पण इंजेक्शन, लघवीची नळी घालणं, नाकातली नळी बदलणं हे त्यांचं काम नव्हे. सिस्टरचा दर आकारून मावशी पाठवणं हा या धंद्यातला जुना प्रकार आहे. म्हणून करारात हुद्दा लिहून घ्या.

हा फरक नुसता पैशांचा नाही. इन्सुलिनचंच घ्या. आपल्याकडे इन्सुलिनची साधी कुपी बहुतेक वेळा ४० युनिट प्रति मिलिलिटरची असते आणि पेनमधलं कार्ट्रिज १०० युनिटचं. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपीची १०० साठी. पेन बिघडलं म्हणून कोणी कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत औषध ओढलं, तर अंगात १० नाही, २५ युनिट जातात. माझ्या एका कोर्समेटच्या आईबाबतीत हेच झालं. रात्री दिलं, मावशीला वाटलं आजी शांत झोपल्या आहेत. पहाटे घाम आणि बेशुद्धी बघून शेजाऱ्यांनी हॉस्पिटलला नेलं. वाचल्या, पण त्यानंतर पूर्वीसारख्या बोलल्या नाहीत. ब्युरोचं म्हणणं, आम्ही फक्त माणूस पुरवतो. आणि करारात खरंच तसं छापलेलं होतं. करार वाचताना हे वाक्य शोधा. सापडलं तर विचारा की मग देखरेख कोण करणार? ज्या ब्युरोची नर्स किंवा सुपरवायझर पहिल्याच दिवशी घरी येऊन रुग्ण बघते, काय करायचं ते लिहून देते आणि नंतरही ठरावीक दिवसांनी चक्कर मारते, त्यालाच सेवा म्हणायचं. बाकी सगळी दलाली.

फौजेत गार्ड बदलताना जुना संत्री नव्या संत्र्याला ऑर्डर सांगितल्याशिवाय जागा सोडत नाही. घरात मात्र दिवसाची मावशी आठला जाते, रात्रीची साडेआठला येते, आणि मधल्या अर्ध्या तासात काय झालं ते कोणालाच माहीत नसतं. एक साधी दोनशे पानी वही पलंगाजवळ ठेवा. किती वाजता काय खाल्लं, कोणती गोळी दिली, लघवी किती, शौच झालं का, कूस कधी बदलली. आणि हो, ती वही मावशीला वाचता येईल अशा भाषेत असू द्या. बेंगळुरूत कन्नड बोलणारी मावशी आणि मराठीतली वही, असं चालणार नाही. अक्षरओळख कमी असेल तर खुणांचा तक्ता करा, सूर्य, चंद्र, गोळीचं चित्र. लांब राहणाऱ्या मुलाने रोज त्या पानाचा फोटो मागवावा. कॅमेऱ्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो. कॅमेरा लावायचाच असेल तर मावशीला आणि आजीलाही सांगून लावा, आणि कपडे बदलायच्या जागी अजिबात नको.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची तब्येत बघायची तर त्याची पाठ बघा. माकडहाड, टाचा, नितंब. लाल डाग दिसला आणि बोटाने दाबूनही लाली गेली नाही, तर शय्याव्रणाची सुरुवात झाली असं धरा. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची असा नेहमीचा नियम आहे. भरवताना डोकं उंच, आणि जेवणानंतर निदान अर्धा तास तसंच. आडवं ठेवून भरवलं की अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर, पण जमिनीला टेकलेली नको. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत निरांजन, उदबत्ती, विडी काहीही नको. आपल्या घरांत देवघर आणि आजारी माणूस अनेकदा एकाच खोलीत असतात, म्हणून मुद्दाम सांगतो. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाका, केराच्या टोपलीत नको, सफाईवाल्याच्या हाताला लागतात.

पोलिस पडताळणीबद्दल सगळे विचारतात. करून घ्याच, आणि ब्युरोने "झालेली आहे" म्हटलं तर कागद दाखवायला सांगा. पण सुरक्षितता एकतर्फी नसते. चोवीस तासांची मावशी म्हणजे चोवीस तास जागी मावशी नव्हे. रात्री चारदा उठावं लागणारा रुग्ण असेल तर दोन पाळ्या लावा. झोप न झालेला माणूस सीमेवर चुकतो तसा औषधाच्या डबीवरही चुकतो. घर हीसुद्धा तिची कामाची जागा आहे. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात राहत्या घराचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि तिला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. आजोबा स्मृतिभ्रंशामुळे विचित्र वागत असतील तर ते ब्युरोला आणि मावशीला आधीच सांगायला हवं, लपवून ठेवू नका. ब्युरो तिच्या पगारातून किती कापतो हेही विचारा. जो ब्युरो निम्मं कापतो त्याच्याकडे चांगली माणसं टिकत नाहीत, दर आठवड्याला नवा चेहरा येतो.

बडोद्याच्या एका प्रेक्षकांचा प्रश्न आहे की आई नागपूरला, ब्युरो नागपूरचा, तक्रार करायला तिथे जावं लागेल का? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते, आणि ती ऑनलाइनही दाखल होते. पण त्यासाठी करार तुमच्या नावावर हवा आणि पैसे तुमच्या खात्यातून पावतीसह गेलेले हवेत. रोखीने आईच्या हातून दिलेत तर तुमच्या हाती काहीच उरत नाही. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोलून बघा. मारहाण, उपाशी ठेवणं, कोंडून ठेवणं असा प्रकार असेल तर थेट ११२. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही एल्डरलाइनही आहे, तो नंबर आईच्या पलंगाजवळ मोठ्या अक्षरात लिहून लावा.

पुढच्या भागात आरोग्य विम्यातला घरच्या उपचारांचा खर्च, आणि त्यात मावशीचा पगार का धरत नाहीत, ते बघू. जय हिंद.