थरच्या वाळवंटातील मार्चचे चंचल हवामान
राजस्थानातील जैसलमेर, बाडमेर आणि बिकानेर या जिल्ह्यांत मार्च महिन्यात कधीकधी एकाच आठवड्यात उकाडा, धुळीचे वादळ, गारा आणि पुन्हा गारवा असा क्रम अनुभवास येतो, आणि त्यामागे बहुधा पश्चिमी विक्षोभ, म्हणजे भूमध्य समुद्राच्या परिसरात उगम पावून वातावरणाच्या वरच्या थरातील वेगवान वाऱ्यांबरोबर पूर्वेकडे सरकणारी कमी दाबाची प्रणाली, असतो. ती जवळ येऊ लागली की दक्षिणेकडून उबदार वारे वाहून पारा चढतो. पुढे अरबी समुद्रावरून आलेले बाष्प वर ढकलले जाऊन गडगडाटी ढग तयार होतात, आणि त्यांतील पावसाचे थेंब खालच्या कोरड्या हवेतच विरून गेल्यास ती हवा थंड व जड होऊन वेगाने जमिनीवर आदळते आणि आंधी, म्हणजे धुळीचा उंच लोट, उठतो. प्रणाली पुढे सरकल्यावर उत्तरेचे थंड वारे येतात. एरवी पाण्यासाठी तळमळणाऱ्या या प्रदेशातही अशा वेळी पडणारा पाऊस वरदान ठरत नाही, कारण काढणीला आलेले जिरे त्याने काळे पडते आणि इसबगोलाचे पक्व बी, साल पाणी शोषून फुगत असल्यामुळे, कणसातच खराब होते किंवा गळून जाते.